सांगाडा चोख, पुस्तिका अपुरी: घरी जोडायच्या गाडीचा संच

लोटस कंपनीची ‘सेव्हन’ ही दोन आसनी गाडी १९५७ मध्ये आली. ती सुट्या भागांतही विकली जाई, कारण त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर लागणारा खरेदी कर सुट्या भागांना लागू नव्हता. मी जोडलेला संच त्याच धाटणीचा आहे: पोलादी नळ्यांचा सांगाडा, ॲल्युमिनियमचे पत्रे, फायबरचे नाक आणि मडगार्ड, सस्पेन्शनचे भाग आणि वायरिंग. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) मात्र माझदा एमएक्स-५ या जुन्या गाडीतून काढून घ्यावे लागतात.

पैसे वसूल होतात ते सांगाड्यात. नळ्यांचे वेल्डिंग एकसारखे होते, आणि टेप लावून दोन्ही कर्ण मोजले तेव्हा त्यांत एक मिलिमीटरचाही फरक आढळला नाही. सस्पेन्शनचे बोल्ट हातोडी न लावता, नुसत्या हाताने भोकांत सरकले; पुढची चाके बसवायला एक दुपार पुरली. पत्र्यांना शेकडो रिव्हेट मारताना हाताला घट्टे पडतात, पण त्यात संचाचा काही दोष नाही.

तक्रार आहे ती पुस्तिकेविषयी. ती वाचताना असे वाटते, की लिहिणाऱ्याने अशा दहा गाड्या जोडल्या असाव्यात आणि पहिली जोडताना आपण कुठे अडलो होतो याचा त्याला साफ विसर पडला असावा. ब्रेकच्या नळ्या ‘योग्य मार्गाने’ न्याव्यात, एवढ्या एकाच वाक्यात तो विषय संपतो. त्या गरम एक्झॉस्टपासून आणि हलणाऱ्या भागांपासून दूर ठेवाव्यात, हेदेखील त्यात नाही.

वायरिंगने तर माझे तीन शनिवार खाल्ले. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटे, आणि इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवा लुकलुके. बल्ब बदलले, फ्यूज तपासले, स्विचही उघडून पाहिला. शेवटी दोष अर्थिंगमध्ये, म्हणजे दिव्यांतून वीज सांगाड्यामार्गे परत जाण्याच्या वाटेत, सापडला: फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून मडगार्डवरच्या दिव्यांची अर्थची तार सांगाड्यापर्यंत आणलेली होती, पण ज्या बोल्टला ती जोडायची त्याच्याखाली पावडर कोटिंगचा, म्हणजे वीज अडवणाऱ्या रंगाचा, जाड थर होता. बोल्टभोवतीचा रुपयाएवढा भाग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, तार पुन्हा आवळली, वरून ग्रीस लावले आणि सगळे दिवे ताळ्यावर आले. पुस्तिकेत एक ओळ असती, तर हा उपद्व्याप टळला असता.

पिशव्यांत काही नट-बोल्ट कमी होते. कंपनीला कळवल्यावर ते विनाशुल्क आले. मात्र नायलॉनच्या कड्याचे नट एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत, म्हणून थोडे जादा आपणच आणून ठेवावेत. टॉर्क रेंच (बोल्ट नेमक्या जोराने आवळायचा पाना) आणि इंजिन उचलण्याची घोडी संचात मिळत नाही. घोडी भाड्याने आणणे पुरेसे आहे. चाकांचे अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणे) मी दोरा लावून केले होते, पण गाडी चालवताना डावीकडे ओढत असल्यामुळे ते अखेर गॅरेजमध्येच करून घेतले.

वेल्डिंग न येणाऱ्याने, पण पाना हातात धरायची सवय असलेल्याने, हा संच जरूर विचारात घ्यावा. पैसे भरण्यापूर्वी पुस्तिकेची प्रत मागवून ब्रेक आणि वायरिंग ही दोन प्रकरणे वाचून पाहावीत. तिथे लिहिलेले कळत नसेल, तर असा संच आधी जोडलेला कोणी तरी ओळखीचा होईपर्यंत थांबावे.