चावी माझ्याकडे, पावती भलत्याच्याच नावावर

गिरगावात पागडीच्या खोलीत वाढले मी. तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं की खोलीत राहतं कोण याला काडीची किंमत नाही, भाडेपावती कुणाच्या नावावर फाटते ते बघायचं. आजोबा पावत्यांची पत्र्याची पेटी तांदळाच्या डब्यामागे ठेवत. असल्या घरातली मुलगी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत येऊन नेमकी पावतीवरच फसली. लाज गिळून लिहितेय, कारण आपल्या ओळखीतली आणखी दोन कुटुंबं सध्या मोबाइल होम बघत फिरतायत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोबाइल होम पार्कमध्ये घर आपलं, खालची जमीन पार्कवाल्याची. जमिनीचं दरमहा भाडं भरायचं, त्याला स्पेस रेंट म्हणतात. एकट्या सॅन होजेत असे पन्नासहून जास्त पार्क आहेत. नाव ‘मोबाइल’ असलं तरी घर काही हलत नाही. हलवायला हजारो डॉलर लागतात, आणि जुनं घर दुसरा पार्क सहसा आत घेत नाही. म्हणजे जागा गेली की घरही गेल्यातच जमा.

आम्ही फ्लॅटचं ३,२०० डॉलर भाडं भरून मेटाकुटीला आलो होतो. गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एक गृहस्थ भेटले. सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही काका म्हणाले. त्यांच्याकडे १९७२ सालचं घर होतं, किंमत ६८,००० डॉलर. २४,००० आधी द्यायचे, बाकी महिना हजाराने.

घर मी अगदी चोख बघितलं, याचंच आता हसू येतं. बाथरूममध्ये टबाजवळ पाय ठेवला की जमीन दबत होती, तिथे मी भाव पाडायचा प्रयत्न केला. नवरा तर टॉर्च घेऊन स्कर्टिंगच्या, म्हणजे घराच्या तळाभोवतीच्या आवरणाच्या, फटीतून घराखाली डोकावला आणि घर ज्यांवर टेकतं ते जॅक मोजून आला. कागद बघायचं म्हटलं तर काका हसले. “अगं पोरी, कागदाचं काय घेऊन बसलीस? मध्ये बँक नाही हाच तर फायदा. चावी तुझ्याकडे, मग घर कुणाचं?”

मध्ये बँक का नव्हती, हे मला नंतर कळलं. कारखान्यात बनणाऱ्या अशा घरांसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारचे बांधकामाचे नियम लागू झाले १५ जून १९७६ ला. त्याआधीच्या घरावर कर्ज द्यायला बँका नाखूश असतात. बँक नाही, आम्ही एस्क्रोही (पैसे आणि कागद तिसऱ्याच्या हाती ठेवून करायचा व्यवहार) केला नाही, म्हणजे मालकीचे कागद तपासणारं तिसरं माणूसच नाही. आमची अडचण होती तीच काकांनी आम्हाला सोय म्हणून विकली.

स्पेस रेंट १,२५० डॉलर. तेही “मी एकत्र भरतो, ऑफिसात तुमची धावपळ नको” म्हणून काकांच्याच खात्यात जायचं. खरं तर इथेच मला आजोबांची पेटी आठवायला हवी होती.

सात महिन्यांनी दारावर नोटीस चिकटली. ऑफिसात गेले तर मॅनेजरबाईंनी घराचा नंबर विचारला, यादीवर बोट फिरवलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. यादीत नाव होतं एका म्हाताऱ्या बाईचं, जी वारून दीड वर्ष झालं होतं. टायटल, म्हणजे घराच्या मालकीचा कागद, अजून तिच्याच नावावर. काका तिच्या मुलाकडून चावी घेऊन बसलेले, त्यांच्या स्वतःच्या नावावर एक चिठोरंही नाही. त्यात शेवटच्या तीन महिन्यांचं भाडं पार्कला पोचलेलंच नव्हतं.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात घर विकत घेणाऱ्याने आधी पार्ककडे अर्ज करायचा असतो. सगळी माहिती दिल्यावर पार्कने १५ कामकाजाच्या दिवसांत लेखी होकार किंवा नकार द्यायचा, आणि मग घेणाऱ्याने भाडेकरार स्वतःच्या नावावर सही करायचा. ते केलं नसेल तर तुम्ही भाडेकरू नाही, अनधिकृत रहिवासी. भाडेकरूचं भाडं वाढवायचं तर पार्कला ९० दिवस आधी लेखी कळवावं लागतं. आम्हाला जागा सोडायला पाच दिवस होते. मॅनेजरबाईंनी मेहेरबानी म्हणून तीन आठवडे दिले, त्यांचा काही दोष नाही.

चोवीस हजार, सात हप्ते आणि सात महिन्यांचं भाडं मिळून ३९,७५० डॉलर. भाडं राहण्याचं म्हणून सोडलं तरी ३१,००० बुडाले. स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या कोर्टात, माणशी १२,५०० पर्यंतच दावा लावता येतो, त्यावरच्या रकमेला नेहमीच्या दिवाणी कोर्टात जावं लागतं. काका आता फोन उचलत नाहीत. दावा लावलाय, बघू.

तुम्ही बघत असाल तर घराआधी पार्कच्या ऑफिसात जा, विकणाऱ्याला न घेता. या घराची थकबाकी आहे का, आणि विकणाऱ्याला किती स्पेस रेंट लागतं ते नाही, तुम्हाला किती लागेल ते लेखी मागा. भाडेवाढीला शहराची मर्यादा आहे का बघा, प्रत्येक गावात नियम वेगळा. पार्क ५५ वर्षांवरच्यांसाठी राखीव तर नाही ना, तेही विचारा. टायटल राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, एचसीडीकडे असतं. काउंटीचा कर थकलेला असेल तर तो मिटल्याशिवाय ते नावावर होत नाही. आणि भाड्याचा चेक थेट पार्कच्याच नावाने.

गेल्या आठवड्यात फोनमधले फोटो चाळत होते. घर घेतलं त्या दिवशी भिंतीवरच्या छोट्या स्टिकरचा, डिकलचा, फोटो काढून आईला पाठवला होता, खाली लिहिलं होतं, ‘आमच्या घराचा नंबर’. एचसीडीकडे तोच नंबर दिला की मालक कोण ते कळतं. आईचं उत्तर अजून तिथेच आहे. अंगठा, आणि पुढे, ‘पावती नावावर झाली का?’