लांब पटचा सराव: शिडी की एकच चेंडू?

गोल्फमध्ये 40 फुटांवरून थ्री-पट झाला, म्हणजे ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) चेंडू होलमध्ये घालायला तीन पट लागले, की बहुतेक जण रेषेला दोष देतात. जरा हिशोब मांडून पाहा. पटरचा (पट मारायच्या काठीचा) फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, 1 अंशाने चुकला तर चेंडू 40 फुटांवर होलच्या बाजूला साधारण 8 इंचांवर जातो. तिथून दुसरा पट सहज पडतो. ताकदीचा अंदाज चुकून चेंडू 10 टक्के पुढे किंवा मागे थांबला, तर मात्र 4 फूट उरतात. 3 फुटांवरून व्यावसायिक खेळाडू 100 पैकी 96 वेळा होल करतात, 8 फुटांवरून जेमतेम निम्म्या वेळा. म्हणून लांब पटच्या सरावात आधी अंतर पक्कं करायचं. त्यासाठी दोन पद्धती रूढ आहेत, आणि हातात आठवड्याला अर्धाच तास असेल तर त्यातली एक निवडावी लागते.

शिडी

ग्रीनवरचा शक्य तितका सपाट पट्टा निवडा. 20, 30, 40 आणि 50 फुटांवर एकेक टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) खोचा. पावलांनी मोजणार असाल तर आधी एकदा टेपने स्वतःचं पाऊल मोजून घ्या. 3 फुटांचं समजतो ते पाऊल पुष्कळदा अडीच फुटांचंच निघतं. मग 20 पासून वर चढत 50 पर्यंत आणि परत खाली, प्रत्येक अंतरावर एकच पट. चेंडू टी ओलांडून पुढच्या 3 फुटांत, म्हणजे साधारण एका पटरच्या लांबीत, थांबला तर तो जमला. अशा दोन फेऱ्यांत 16 पट होतात आणि वेळ लागतो पंधरा मिनिटं.

शिडीचा खरा फायदा म्हणजे बॅकस्विंग (पटर किती मागे नेला ते) आणि अंतर यांचं नातं अंगात भिनतं. हे नातं सरळ पटीचं नाही, आणि इथेच घोटाळा होतो. टेम्पो, म्हणजे स्विंगची लय, तोच ठेवला तर चेंडूचा वेग बॅकस्विंगच्या प्रमाणात वाढतो, पण चेंडू धावतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा, 10 इंचांच्या बॅकस्विंगला चेंडू 20 फूट जातो. मग 40 फुटांसाठी 14 इंच पुरतात. अंतर दुप्पट म्हणून बॅकस्विंगही दुप्पट, 20 इंच घेतला, तर चेंडू 80 फुटांकडे निघतो. हे ऐनवेळी लक्षात येतं, हात आपोआप आखडतात, पटर चेंडूपाशी मंदावतो आणि पट 12 फूट तोकडा राहतो. 'लांब पट जोरात मारला तर पळतो, हळू मारला तर मरतो' या तक्रारीचं मूळ बहुधा हेच असतं.

शिडीची खोट अशी की तिच्यात जागा बदलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पटपासून आधीच्या चेंडूचं उत्तर समोर पडलेलं असतं. त्यातही एकाच टीवर लागोपाठ तीन चेंडू मारले तर तिसरा जवळ जाणारच. कोर्सवर तो तिसरा चेंडू मिळत नाही.

एकच चेंडू

सराव ग्रीनवर 9 पट, दरवेळी वेगळा होल, अंतर 25 ते 50 फूट, चढ-उतार आलटून पालटून. प्रत्येक पटआधी होलपर्यंत चालत जा, उतार वाचा, दोन सराव स्विंग होलकडे बघत घ्या, मग पट. उरलेला 2 फुटांचा पटही होल करायचाच. इथे 'दिला' म्हणून, म्हणजे पडलाच असं धरून, चेंडू उचलला की हा सराव फुकट गेला. पार, म्हणजे अपेक्षित फटके, 18 धरा. वहीत प्रत्येक पहिल्या पटसमोर तोकडा की लांब, आणि किती फूट, एवढंच लिहा.

कोर्सवर लागतं ते सगळं यात येतं: उतार, दडपण, एकच संधी. पण 20-25 मिनिटांत लांब पट होतात फक्त 9. पाच चुकले तर चूक वाचनात, टेम्पोत की चेंडू फेसच्या टोकाला लागण्यात, हे कळत नाही. टोकाला लागलेला चेंडू वेग गमावतो, आणि खेळणाऱ्याला वाटतं आपण उतार चुकीचा वाचला. संध्याकाळच्या गर्दीत 40 फुटांची मोकळी वाटही सहसा मिळत नाही, हीही खरी अडचण.

घरातली 8-10 फुटी मॅट यांपैकी कशाचीच जागा घेऊ शकत नाही. फेस रेषेला काटकोनात ठेवणं आणि मधोमध फटका, एवढ्यापुरतीच ती उपयोगी.

मग कोणती?

शिडीवर 16 पैकी 11 पेक्षा कमी जमत असतील तर तीन-चार आठवडे फक्त शिडी. अंतर हातात नसताना उतार वाचण्याला अर्थ नसतो. शिडी जमते पण स्कोअरकार्डावर थ्री-पट तसेच राहतात, अशांनी शिडी पाच मिनिटांवर आणावी आणि उरलेला वेळ एकाच चेंडूला द्यावा. दोन्हींचं अर्धं-अर्धं कडबोळं सुरुवातीच्या खेळाडूला आम्ही सुचवत नाही. कशाने सुधारलं तेच समजत नाही.

पावसाळ्यात मात्र सगळ्यांनीच शिडीकडे परतावं. ग्रीनचा वेग स्टिम्पवर (ग्रीनवर चेंडू किती फूट धावतो ते मोजायचं माप) 10 वरून 8 झाला, की 40 फूट जाणारा तोच पट 32 फुटांवर थांबतो. ऑक्टोबरात ग्रीन सुकून वेगवान होतात तेव्हा हेच उलटं घडतं, आणि पावसाळ्याची सवय लागलेले हात पहिल्या काही फेऱ्यांत प्रत्येक पट होलच्या पार पलीकडे धाडतात.

फेरीच्या दिवशी दहा मिनिटं असतील तर पहिली चार मिनिटं होल विसरून 30-40 फुटांवरून फ्रिंजच्या (ग्रीनभोवतीच्या किंचित लांब गवताच्या) कडेला पट मारा. नंतर एक चेंडू ठेवून बाकीचे बॅगेत टाका, आणि तीन वेगळ्या होलवर पट संपवूनच पहिल्या टीकडे (फेरी सुरू होते त्या जागेकडे) निघा.