घरच्या अ‍ॅक्वापोनिक्सचा बेल सायफन : नऊ महिन्यांच्या वापरानंतर पाइपच्या मापांविषयी

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी खडीच्या वाफ्यातल्या भाजीला देऊन पुन्हा टाकीत सोडणं. बेल सायफन म्हणजे त्या वाफ्यातला उभा पाइप आणि त्यावर पालथी घातलेली, वरून बंद नळी (बेल) : पाणी पाइपच्या कडेपर्यंत चढलं की सायफन सुरू होऊन वाफा आपोआप रिकामा होतो, खालून हवा शिरली की सायफन तुटतो आणि वाफा पुन्हा भरू लागतो. मांडणी आधी सांगायला हवी, कारण खालचे सगळे आकडे तिच्यावर बेतलेले आहेत. पुण्यातली उघडी गच्ची, माशांची २५० लिटरची टाकी, तिच्या वर लोखंडी स्टँडवर २०० लिटरच्या निळ्या ड्रमची उभी चिरलेली अर्धी फाक. ही फाक म्हणजेच वाफा; त्यात २५ सेंमीपर्यंत २० मिमीची काळी खडी. पंपाचं पाणी बादली आणि घड्याळ लावून मोजलं, तर तासाला साधारण ३०० लिटर. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, तो हिशेबात धरू नये. नोव्हेंबर ते जुलै या काळात २०, २५ आणि ३२ मिमी अशा तिन्ही मापांचे उभे पाइप याच वाफ्यात चालवून झाले.

या वाफ्याला बसलेला संच असा : २५ मिमीचा उभा पाइप, त्याच्या डोक्यावर ४० × २५ चा रिड्यूसर (४० वरून २५ मिमीवर येणारं फिटिंग, रुंद तोंड वर), त्यावर ७५ मिमीची बेल आणि बाहेरून खडी अडवायला ११० मिमीचा भोकं पाडलेला पाइप.

बेल उभ्या पाइपच्या दुप्पट मापाची घ्यावी, हा नियम सगळीकडे सांगितला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. २५ च्या दुप्पट ५० म्हणून ५० मिमीची बेल आणली, तर तिचा आतला व्यास सुमारे ४६ मिमी भरतो आणि रिड्यूसरचं बाहेरचं माप तेवढंच किंवा थोडं जास्त असतं. बेल वरून उतरतच नाही. ६३ मिमीची उतरते, पण रिड्यूसरभोवती चहूबाजूंनी जेमतेम ६ मिमी फट उरते. पाण्याला ती पुरते; मुळांचा एक झुबका किंवा खडीचा चुरा आला की पुरत नाही. ७५ मिमीमध्ये तीच फट १२ मिमीच्या आसपास जाते. म्हणून बेलचं माप ठरवताना उभ्या पाइपकडे नाही, त्याच्या डोक्यावर बसणाऱ्या फिटिंगच्या बाहेरच्या व्यासाकडे बघावं. बाहेरच्या पाइपलाही हाच न्याय. बेलचं वरचं तोंड बंद करणारी ७५ ची एंड कॅप पाइपपेक्षा जाड असते, ती ९० च्या पाइपमध्ये अडकून बसते आणि बेल साफसफाईला बाहेर काढता येत नाही. म्हणून तिथे ११० घ्यावा.

दुकानात गोंधळ मापांच्या दोन पद्धतींमुळे होतो. शेतीचा पीव्हीसी पाइप बाहेरच्या व्यासावर विकला जातो : २५ म्हणजे बाहेरून २५ मिमी, बोलीभाषेत 'पाऊण इंची'. प्लंबिंगचा पाऊण इंची यूपीव्हीसी बाहेरून २६.७ मिमी असतो आणि त्याच नावाचा सीपीव्हीसी २२.२ मिमी. तिन्ही 'पाऊण इंची', पण एकाचं फिटिंग दुसऱ्याला बसत नाही. एक इंचीतही तेच, शेतीचा ३२ आणि यूपीव्हीसी ३३.४. बोहरी आळीत जा किंवा घराजवळच्या हार्डवेअरमध्ये, सगळं सामान एकाच पद्धतीचं मागा आणि काउंटरवरच एकात एक घालून बघा. पाइप लेड-फ्री आहे का, तेही छापलेल्या ओळीवर वाचून घ्या, कारण हे पाणी मासे आणि भाजी दोघांना मिळणार आहे.

आता तिन्ही मापांचा फरक. या फाकेत दर फेरीला हलणारं पाणी जवळपास २५ लिटर आहे (खडीतली पोकळी ४० टक्के धरून). मिनिटाला ५ लिटर येतं, म्हणजे भरायला ५ मिनिटं. २० मिमीचा पाइप हमखास सुरू होतो, साडेतीन मिनिटांत वाफा रिकामा करतो आणि कमी पाण्यावरही दगा देत नाही. त्याची अडचण वेगळी : आतलं भोक १७ मिमीच्या आसपास, त्यात माशांची विष्ठा आणि मुळं लवकर साठतात आणि दर पंधरवड्याला हात घालावा लागतो. २५ मिमीचा पावणेदोन मिनिटांत रिकामा करतो आणि दीड-दोन महिने साफ न करता चालतो. ३२ मिमीचा ३०० लिटरच्या प्रवाहावर भरवशाचा नाही. पाणी पाइपच्या कडेवरून पातळ चादरीसारखं उतरत राहतं, नळी पूर्ण भरतच नाही, त्यामुळे आतली हवा बाहेर ओढली जात नाही. जितकं येतं तितकंच गळत राहतं आणि पातळी तासन्‌तास एकाच जागी उभी राहते. ३२ घ्यायचाच, तर प्रवाह बराच वाढवावा लागतो.

रिड्यूसरचं काम इथेच कळतं. रुंद तोंडातून पाणी अरुंद गळ्यात शिरताना एकदम गळा भरतं आणि हवेला खाली ढकलतं. तो काढून टाकला, तर २५ मिमीचा पाइपही मधूनमधून ३२ सारखा हट्ट करतो.

उंचीचे आकडे : रिड्यूसरची कड तळापासून २० सेंमीवर, म्हणजे खडीच्या वरच्या ५ सेंमीत पाणी येत नाही, शेवाळ आणि डास दोन्ही टळतात. रिड्यूसर आणि बेलच्या छतामध्ये १५ ते २० मिमी अंतर. बेलच्या खालच्या कडेला १५ मिमी रुंद, २० मिमी उंच अशा चार खाचा. बेलची कॅप सॉल्व्हंट सिमेंटने पक्की चिकटवा, तिथे सुईएवढं छिद्र राहिलं तरी सायफन तुटतो. उभा पाइप मात्र चिकटवू नका, दाबून बसवा. पुढे उंची कमी-जास्त करावी लागतेच.

गळतीची जागा एकच, टँक निपल, म्हणजे ड्रमच्या तळाच्या भोकात बसणारा, उभा पाइप खालच्या नळीला जोडणारा तुकडा. ड्रमचा तळ गोलाकार असल्यामुळे निपलचा पातळ वायसर नीट टेकत नाही. ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून कापलेले जाड रबरी वायसर आत-बाहेर घातले की गळती थांबते. निपलचं आतलं भोकही मोजून घ्या. २५ च्या पाइपला जोडलेल्या निपलचं भोक १९-२० असेल, तर तुमचा सायफन १९-२० चा आहे.

निपलच्या खाली एक एल्बो, १५ सेंमी आडवा तुकडा आणि पुन्हा खाली वळणारा दुसरा एल्बो. या दोन वळणांच्या अडथळ्यामुळे नळी लवकर भरते. आडवा तुकडा वाढवत नेला, तर सायफन तुटताना पाणी त्यात रेंगाळतं आणि धार बंदच होत नाही. शेवटचं तोंड टाकीत खोल बुडवू नका. ढकललेल्या हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही.

सायफन तुटत नाही, ही दुसरी तक्रार बहुतेकदा जास्त प्रवाहाची असते. पाणी संपत आलं तरी खाचांमधून थोडी हवा, थोडं पाणी असं ओढलं जातं आणि घुरघुर चालू राहते. पंपाच्या नळीवर टी आणि बॉल व्हॉल्व्ह लावून जादा पाणी परत टाकीत सोडा. त्यानेही भागलं नाही, तर बेलच्या छतातून ६ मिमीची नळी बाहेर काढा आणि तिचं खालचं टोक खाचांच्या वरच्या कडेपाशी लहान वाटीत सोडा. पातळी वाटीखाली गेली की वाटीतलं पाणी क्षणात ओढलं जातं आणि हवेचा मोठा घोट आत शिरतो. छतातल्या भोकाभोवती एम-सील.

ऋतूंचा परिणाम मापांइतकाच महत्त्वाचा. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल, तर रिड्यूसरच्या कडेवर आणि ६ मिमीच्या नळीत पांढरा थर बसतो. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून ब्रशने घासला की जातो. खडीचा त्याच्याशी संबंध नाही. आपला काळा दगड बेसाल्ट आहे, त्यावर व्हिनेगर टाकलं तर फेस येत नाही. फेस आला, तर त्यात चुनखडी मिसळलेली आहे, ती खडी घेऊ नका. एप्रिल-मेच्या उन्हात उघडा पीव्हीसी ठिसूळ होतो, बाहेरच्या तुकड्यांना रंग द्या. पावसाळ्यात पुदिन्याची मुळं ११० च्या भोकांतून आत शिरतात, म्हणून भोकं ४-५ मिमीपेक्षा मोठी पाडू नयेत. वीज गेली तेव्हा वाफा रिकामा होत असेल, तर सायफन ती फेरी पूर्ण करून थांबतो; भरत असेल, तर पाणी आहे त्याच पातळीवर उभं राहतं. वीज आल्यावर हात न लावता फेरी पुन्हा सुरू होते.

वजनाबद्दल मोकळेपणाने सांगायला हवं. ही भरलेली फाक १७० किलोच्या आसपास जाते आणि खाली टाकीचे २५० किलो वेगळे. माणसांच्या वावरासाठीच्या गच्चीचा हिशेब आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो धरलेला आहे. स्टँडचे पाय बीमवर किंवा भिंतीच्या रेषेवरच यायला हवेत, आणि दुसरी फाक जोडण्याआधी इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला नकाशा दाखवा.