१४ महिने, २१ हजार किलोमीटर आणि नसलेली स्टेपनी

रात्रीचे सव्वादहा वाजले होते. भुरभुर पाऊस पडत होता, मागच्या सीटवर आई आणि डिकीत तिची घडीची व्हीलचेअर. पाण्याने भरलेला खड्डा दिसला तेव्हा ब्रेक मारायला उशीर झाला होता. पुढचं एक चाक धाडकन आदळलं आणि पन्नास-साठ मीटरांत स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागलं. खाली उतरून मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर टायरच्या बाजूला बोटभर लांब चीर.

डिकीतली फळी उचलली. खाली स्टेपनीचा गोल खळगा आहे, अगदी व्यवस्थित, पत्र्याचा. पण त्यात चाक नाही. थर्माकोलचा ट्रे, त्यात हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर आणि सीलंटची, म्हणजे पंक्चरचं भोक आतून बुजवणाऱ्या द्रवाची बाटली. गाडी घेताना हे मला माहीत होतं, कागदावर वाचलंही होतं, पण वाचणं वेगळं आणि पावसात गुडघ्यावर बसून बघणं वेगळं. बाटली लावली, कॉम्प्रेसर १२ व्होल्टच्या सॉकेटला जोडला, घरघर सुरू झाली. दोन मिनिटांत पांढरा फेस त्या चिरेतून बाहेर यायला लागला आणि ओघळत रस्त्यावर गेला. बाटलीवर लिहिलेलंच असतं, ती खिळ्या-स्क्रूच्या भोकासाठी आहे आणि तेही भोक टायरच्या मधल्या पट्ट्यात असेल तरच. बाजूची चीर तिला झेपत नाही. आई काच खाली करून एवढंच म्हणाली, "आपल्या जुन्या गाडीत चाक होतं की रे."

टोइंगची गाडी यायला दोन तास लागले. हा अनुभव लिहायला मी बसलो तो त्या दोन तासांमुळे.

गाडीचं नाव लिहीत नाही, कारण घरगुती पण जोरात पळणाऱ्या या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांचं हेच आहे. २ लिटर टर्बो पेट्रोल, पुढच्या चाकांना ताकद, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (पुढच्या दोन चाकांच्या वेगातला फरक आवरून धरणारी यंत्रणा), पाच दारं. १९७६ साली फोक्सवॅगनची पहिली गोल्फ जीटीआय विक्रीला आली तेव्हाही कल्पना हीच होती, की घरची सगळी कामं करणारी गाडी मन भरेल अशी पळायलाही हवी. त्या गाडीला ११० हॉर्सपॉवर आणि १७५/७० आर१३ टायर होते. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के बाजूची उंची, आणि आर नंतरचा रिमचा व्यास इंचांत. हिशेब करा, १७५ चे ७० टक्के म्हणजे बाजूचं रबर १२२ मिलिमीटर. माझ्या गाडीला २२५/४० आर१८, म्हणजे फक्त ९० मिलिमीटर. खड्ड्याची कड लागली की हे उरलेलं रबर रिम आणि कड यांच्यात चिमटलं जातं आणि आतले दोरे तुटतात. ती चीर शिवताही येत नाही, कारण टायरची बाजू चाकाच्या प्रत्येक फेरीला वाकते आणि सरळ होते. म्हणून टायर सरळ बाद. ज्या गाडीला एवढे पातळ टायर दिलेत, तिचीच स्टेपनी काढून घेतली, हे मला कुणी कितीही समजावलं तरी पटत नाही. वजन वाचतं म्हणतात. एका चाकाचं वजन वाचवून ग्राहकाला रस्त्यावर उभं करायचं, हा कसला हिशेब?

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटर. तिथल्या सल्लागाराने टायर बघितला न बघितला आणि म्हणाला, "सर, चारही बदलावे लागतील. डिफरन्शियल आहे ना." मी तिथेच थांबलो आणि टायरच्या नक्षीची खोली मोजायचं खोलीमापक मागून घेतलं. पुढच्या चांगल्या टायरची नक्षी ४ मिलिमीटर, मागच्या दोन्हींची ६. अडचण कशात आहे ते मला कळत होतं. एकाच ॲक्सलवर नवा ८ मिलिमीटरचा आणि जुना ४ चा टायर घातला, तर व्यासात ८ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे प्रत्येक फेरीला जवळजवळ २५ मिलिमीटरचा. सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल सतत घासत राहणार. पण त्यासाठी चार कशाला? मागची ६ ची जोडी पुढे घ्या, नवी जोडी मागे घाला. दोन्ही ॲक्सलवर टायर जुळले, आणि ओल्या रस्त्यावर मागची पकड पक्की राहिली, जी सुटली तर गाडी गरकन फिरते. अर्धा तास वाद झाला. शेवटी वर्कशॉपमधला एक वयस्कर मेकॅनिक आला, मोजमाप बघितलं आणि म्हणाला, "हे बरोबर सांगतायत." दोनच टायर घेतले. ज्या दोन टायरांची गरज नव्हती त्यांचे पैसे वाचले, त्याचं समाधान अजून आहे.

आता गाडीबद्दल, कारण नुसती तक्रार करत बसणं तिच्यावर अन्याय होईल.

पहिले तीन महिने मी सगळ्यांना सांगत होतो की सस्पेन्शन फार कडक आहे, घरच्या माणसांना घेऊन जायची ही गाडी नव्हे. ते मत मी मागे घेतो. एका सकाळी सहज हवा तपासली तर चारही टायरांत ४१ पीएसआय, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३४. कारखान्यातून वाहतुकीसाठी जास्त भरलेली हवा डिलिव्हरीच्या वेळी कुणी कमीच केली नव्हती. ३४ वर आणली आणि गाडी बदलली. तुमची नवी गाडी दणके देत असेल तर आधी थंड टायरची हवा मोजा, सस्पेन्शनला नंतर बोला.

इंजिनबद्दल फार लिहीत नाही, ते उत्तमच आहे. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना पॅडल दाबलं की पुढची चाकं आतल्या बाजूला खेचून घेतात. ती ओढ हाताला जाणवते तेव्हा अजून अंगावर शहारा येतो. ॲव्हरेज शहरात ९, हायवेला १४. याहून जास्त हवं असेल तर दुसरी गाडी बघा.

ड्रायव्हर सीटच्या बाहेरच्या कुशीचं, म्हणजे दाराकडच्या उंच कडेचं कापड झिजायला लागलंय, कारण उतरताना तिथेच बसून सरकावं लागतं. आईला पुढच्या सीटवर ती उंच कूस ओलांडता येत नाही, म्हणून ती मागे बसते. मागे सीट सपाट, दार रुंद, तिला सोपं पडतं. डिकीत व्हीलचेअर आडवी बसते आणि बाजूला दोन पिशव्या. मागची सीट पाडली की मुलीची सायकल पुढचं चाक न काढता जाते. एकाच गाडीत हे सगळं होतं, म्हणूनच ती घेतली.

टोइंगच्या त्या रात्रीनंतर आठवडाभरात अरुंद तात्पुरती स्टेपनी, जॅक आणि पाना विकत घेतला. १२५/७० आर१८. त्याहून लहान रिमचं चाक स्वस्त मिळत होतं, पण पुढचे ब्रेक कॅलिपर (ब्रेकची डिस्क आवळणारे भाग) मोठे आहेत, रिम अडकली असती. आणल्यावर आधी घरासमोर चारही बाजूंना लावून पाहिली. पुढचं चाक पंक्चर झालं तरी ही स्टेपनी पुढे लावायची नाही, हे लक्षात ठेवा. मागचं चाक काढून पुढे घ्यायचं आणि अरुंद चाक मागे. नाहीतर डिफरन्शियलला तोच त्रास. मेहनत दुप्पट, पण करायची. वेग ८० च्या आत, तसं त्या चाकावर छापलेलंच असतं.

गेल्या महिन्यात ती लागलीच. या वेळी मागच्या टायरमध्ये स्क्रू. सीलंट चाललं असतं, पण ते आत गेलं की पंक्चर काढणारा कटकट करतो, टायर आतून धुवावा लागतो. मुलीने बॅटरी धरली, मी बोल्ट आधी अर्धा फेरा सैल केले, मग जॅक लावला. बावीस मिनिटं लागली.

अडचण पुढे आली, ती आधी सुचली नव्हती. खळगा अरुंद चाकाच्या मापाचा. काढलेलं २२५ चं चाक त्यात बसेना, ते डिकीत वर ठेवावं लागलं, तेही चिखलाने माखलेलं. मग व्हीलचेअर कुठे? मागच्या सीटचा लहान भाग पाडला, खुर्ची तिथे उभी सरकवली, आई मोठ्या भागावर बसली, मुलगी पुढे. सगळे एका फेरीत घरी पोचलो. डिकीच्या फळीखाली आता कॉम्प्रेसरशेजारी एक जुनी चादरही घडी करून ठेवली आहे, चाक गुंडाळायला.