सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या माळावर लांडगा आणि घुबड दाखवणारी सफर, रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापलाय तो टॉयलेटच्या गैरसोयीपायी, घरातल्या बायकांना खरंच त्रास झाला. बाकी सगळं एक नंबर.

दहिवडीच्या पुढं एका गावातला पोरगा आहे, धनगराच्या घरातला, लहानपणी मेंढरं राखलेला, तोच गाईड. संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ धरून माणशी पंधराशे, त्यातच मुक्काम आणि रात्रीचं जेवण, बाजरीची भाकरी, पिठलं, खर्डा. नाव-नंबर टाकत नाही कारण त्यानंच नको म्हणून सांगितलंय, एकदम गाड्या यायला लागल्या की लांडगा माळ सोडतो म्हणाला, ओळखीतून येतील तेवढी माणसं त्याला पुरेत.

संध्याकाळी शृंगी घुबड. ओढ्याकाठी उभी दरड आहे, तिच्या कपारीत जोडी राहते. हे घुबड घरटं बांधत नाही, कपारीत नुसत्या मातीवर अंडी घालतं, त्यामुळं मादी घाबरून उठली की अंडी उघडी पडतात आणि कावळे टपलेलेच असतात. म्हणून त्यानं आम्हाला पार पलीकडच्या काठाला बसवलं, दुर्बीण हातात दिली, टॉर्च बंद, मोबाईल सायलेंट. दिवस मावळल्यावर आधी आवाज आला, खोल, घुमणारा, आणि मग ते दरडीच्या टोकाला येऊन बसलं, डोक्यावर पिसांची दोन शिंगं, केशरी डोळे, अंगावर काटा आला राव. मागं एका दुसऱ्याच ग्रुपबरोबर गेलो होतो, त्यांनी स्पीकरवर पिंगळ्याचा आवाज वाजवून त्याला बोलावलं आणि फोटोसाठी तोंडावर टॉर्च मारला, तो पक्षी बिचारा आपल्या हद्दीत दुसरा घुसला म्हणून भांडायला येतो आणि आपण त्याचे डोळे दिपवतो, मला त्याचा राग अजून येतो.

सकाळी परत त्याच भागात, पण दरडीपासून लांब, तिथं घुबड रात्री बसतं त्या खडकाखाली राखाडी गोळ्या पडलेल्या असतात. घुबड उंदीर गिळतं, केस आणि हाडं पचत नाहीत, ती गोळी होऊन तोंडातून बाहेर पडते. त्यानं एक गोळी काडीनं सोडवून दाखवली तर आत उंदराचे जबडे, दात सगळे जागच्या जागी! शाळूच्या रानात उंदीर काय नासाडी करतो ते शेतकऱ्याला विचारा, आणि तरी आपल्याकडं घुबड अशुभ. आधी गावात पोरं दगड मारायची, आता हाच पोरगा शाळेत जाऊन या गोळ्या दाखवतो म्हणे. माझ्या मते ह्या एका गोष्टीसाठी पंधराशे वसूल.

आता लांडगा. आम्हाला दोन दिसले, लांबून, उजाडता उजाडता. रंग अगदी वाळल्या गवताचा, थांबला की दिसतच नाही, चालला तरच कळतो. लांब पाय, सडपातळ अंग, शेपूट खाली सोडलेली, एका चालीत टेकाड ओलांडून गेले. पण लांडगा दिसेलच अशी गॅरंटी गाईड देत नाही आणि नाही दिसला तर पैसे परत नाहीत, हे आधीच स्पष्ट सांगतो. थंडीत पिल्लं असतात, तेव्हा गुहेकडं कितीही पैसे दिले तरी नेत नाही, एकानं आमच्यासमोर जास्त पैसे काढले तर त्यानं सरळ गाडी माघारी वळवायची तयारी केली. असा गाईड पाहिजे!

वाटेत मेंढपाळांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट मुक्कामाचा तळ, लागला. लांडग्यानं कोकरू उचललं की शिव्या देतात, वनविभागाकडं पंचनाम्याची धावपळ करतात, पण तिथले एक म्हातारे बाबा म्हणाले, "त्यो बी हितलाच हाय, त्याचा बी वाटा असतोय." खरी भीती कुत्र्यांची. भटक्या कुत्र्यांचे रोग लांडग्याला लागतात, पुणे जिल्ह्यात तर लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं डीएनए तपासणीत निघालंय. वर माळ म्हणजे पडीक जागा समजून सरसकट झाडं लावायला खड्डे काढतात. अरे गवत हेच इथलं जंगल आहे, त्यावर ससे, खोकड, चिंकारा, धाविक-चंडोलासारखे पक्षी सगळे जगतात. झाडं लावायला दुसरीकडं जागा कमी आहे का?

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. साताऱ्याहून पुसेगाव मार्गे दीड-दोन तास, गाडी आपली न्यावी, पहाटे कानटोपी-स्वेटर लागतोच, भडक कपडे नकोत. दुर्बीण एकच असते, घरात असेल तर आपली न्या. आणि येताना वडूजवरून मायणीला वळा, २०२१ मध्ये मायणी, येरळवाडीच्या तलावांना पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून दर्जा मिळालाय, पाणी बरं असेल तर हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसू शकतात, लहान पोरं बरोबर असतील तर त्यांना लांडग्यापेक्षा तेच जास्त आवडेल.