टाक्यांच्या बुचांना रंग: अख्खा हंगाम वापरल्यानंतर

मासेमारीच्या बोटीच्या डेकवर डिझेल, पाणी आणि हायड्रॉलिक ऑइल भरायची बुचं चटकन ओळखू यावीत म्हणून रंग द्यायचा विचार असेल, तर रंग बुचाला देऊ नका, बुचाभोवतीच्या डेकला द्या. ऑगस्टपासून मे अखेरपर्यंत रोजच्या कामात वापरून माझं हे मत पक्कं झालंय. बूच हातात येतं, इकडचं तिकडे बसतं, समुद्रात पडतं. भोक मात्र जागचं हलत नाही.

आमची बोट फायबरची ट्रॉलर आहे, म्हणजे जाळं ओढत मासे धरणारी; रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात लागते. डिझेलच्या टाक्या दोन, डाव्या-उजव्या अंगाला. पिण्याच्या पाण्याची टाकी केबिनच्या मागे आणि विंचच्या (जाळं ओढायच्या यंत्राच्या) हायड्रॉलिक ऑइलची टाकी विंचच्या बाजूला. चारही ठिकाणी एकाच मापाचं, एकाच आट्यांचं, एकाच दुकानातून आणलेलं स्टीलचं बूच. नवीन असताना त्यावर इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. बर्फाचे क्रेट घासून घासून ती कधीच गुळगुळीत झाली. जुना तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) डोळे मिटून बरोबर बूच उघडतो, पण बोटीवर तो एकटा नसतो. रत्नागिरीतल्या बहुतेक ट्रॉलरवर आता नेपाळी पोरं खलाशी आहेत. दर हंगामाला दोन-तीन चेहरे नवे असतात, आणि डिझेल-पाणी-बर्फ भरायची घाई नेमकी त्यांच्या पहिल्याच आठवड्यात येते.

गेल्या वर्षी शेजारच्या एका बोटीवर पाण्याचा पाइप डिझेलच्या भोकात गेला. फार नाही, कुणी हाक मारेपर्यंत जेवढं गेलं तेवढंच. पण पाणी डिझेलपेक्षा जड. डिझेल लिटरला साधारण 830 ग्रॅम भरतं, त्यामुळे गेलेलं सगळं पाणी टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिनाला जाणारी नळीही तळाजवळूनच निघते. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरची काचेची वाटी मी स्वतः बघितली: खाली स्वच्छ पाणी, वर पिवळसर डिझेल, मधे एक बारीक दुधाळ रेघ. ती वाटी भरून पाणी पुढे गेलं की पंप आणि नोझल दोन्ही जातात, कारण त्या भागांना वंगण डिझेलचंच असतं. शिवाय पाणी टाकीत राहिलं तर डिझेल आणि पाण्याच्या सांध्यावर जंतू वाढतात आणि काळपट शेवाळासारखा गाळ फिल्टर तुंबवत राहतो. त्या बोटीचा हंगामाच्या तोंडावरचा सगळ्यात चांगला आठवडा धक्क्यावर गेला. आम्ही रंगाचं मनावर घेतलं ते त्यानंतर.

रंग कोणता, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. बाजारात रंगीत बुचांचे जे तयार सेट मिळतात ते परदेशी यॉटसाठी केलेले असतात. त्यात पेट्रोल लाल, पाणी निळं, मैला काळा, आणि डिझेल कधी हिरवं तर कधी पिवळं. हिरवं डिझेल आम्हाला चालणारं नव्हतं. जहाजांवरच्या पाइपांच्या रंगांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 14726. त्यात इंधन तपकिरी, गोडं पाणी निळं, समुद्राचं पाणी हिरवं, इंधन सोडून बाकीची तेलं नारिंगी, आग विझवायची लाइन लाल आणि टाकाऊ द्रव काळा. आमच्या इंजिन रूममध्ये कूलिंगचा खाऱ्या पाण्याचा पाइप हिरवाच आहे. खाली हिरवं म्हणजे खारं पाणी आणि वर हिरवं म्हणजे डिझेल, असा घोळ मुद्दाम कशाला घालायचा? भारतीय मानक आयएस 2379 कारखान्यांतल्या पाइपांसाठी आहे. त्यात तेलांना फिकट तपकिरी आहे खरं, पण पाण्याला समुद्री हिरवा. म्हणून आम्ही सरळ जहाजांचंच मानक धरलं: डिझेल तपकिरी, पाणी निळं, हायड्रॉलिक नारिंगी.

निळ्यावर बाबांनी हरकत घेतली. त्यांच्या पिढीला निळं म्हणजे रेशनचं रॉकेल, कारण त्यात निळा रंग मिसळलेला असायचा आणि त्याचे कॅनही निळेच ठेवायचे. हरकत रास्त होती. त्यावर उपाय म्हणून आम्ही रंगाच्या बाजूला मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं, देवनागरीत. नेपाळी पोरांची लिपीही देवनागरीच, त्यामुळे ‘पाणी’ आणि ‘डिझेल’ त्यांना न सांगता वाचता येतं. इंग्रजी अक्षरांपेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त झाला.

आता मालाबद्दल. मुद्दाम तीन गोष्टी शेजारी शेजारी लावल्या, म्हणजे एकाच उन्हात आणि एकाच खाऱ्या वाऱ्यात त्यांची परीक्षा होईल. डाव्या डिझेल बुचाला साधा ऑइल पेंट. उजव्या डिझेल बुचाच्या आणि पाण्याच्या बुचाच्या जागी तयार सेटमधली रंगीत अॅल्युमिनियमची बुचं; डिझेलसाठी त्यातलं पिवळं घेतलं. आणि चारही भोकांभोवती डेकवर रंगीत जेलकोट, म्हणजे फायबरवर सगळ्यात वर देतात तो कडक थर.

ऑइल पेंट दिवाळीपर्यंतही टिकला नाही. डिझेलचे थेंब पडले की तो मऊ पडतो आणि नखाने निघतो. स्टीलवर तो मुळातच नीट धरत नाही. खरखरीत करून प्रायमर दिला तरी बुचाची चावी जिथे बसते तिथे आधी उडतो. यावर वेळ घालवू नका.

अॅल्युमिनियमची बुचं दिसायला फार सुरेख होती. पहिले दोन महिने धक्क्यावर जो येईल तो विचारायचा. पण आतलं नळकांडं स्टीलचं आणि बूच अॅल्युमिनियमचं, त्यात खारं पाणी. असे दोन धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. नोव्हेंबरात आट्यांमध्ये पांढरी भुकटी दिसायला लागली आणि जानेवारीत पाण्याचं बूच पाना लावल्याशिवाय उघडेना. रंगही उडाला. निळा थोडा फिकटला, पिवळा मात्र पार मळकट झाला. अॅनोडायझिंगमध्ये, म्हणजे अॅल्युमिनियमवर विजेने चढवलेल्या थरात, मुरवलेला रंग आपल्या उन्हात फार काळ तग धरत नाही, असंच मी म्हणेन. ज्यांची बोट गोड्या पाण्यात चालते किंवा शेडमध्ये उभी असते त्यांनी ही बुचं जरूर घ्यावीत. ट्रॉलरवर नकोत. आम्ही परत 316 ग्रेडच्या स्टीलच्या साध्या बुचांवर आलो. 304 ग्रेडच्या स्टीलवरही काम चालतं, पण त्यावर तपकिरी डाग पडतात, आणि तपकिरी हाच डिझेलचा रंग ठरवला असल्यावर ते डाग नकोसे होतात.

जेलकोट मात्र जिंकला. फायबरची बोट असेल तर यासाठी वेगळा कारागीर शोधायला नको. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या काळात फायबरचं काम करणारे धक्क्यावरच असतात आणि त्यांच्याकडे पिगमेंट पेस्ट, म्हणजे जेलकोटमध्ये कालवायचा रंग, असते. भोकाभोवती साधारण दोन बोटं रुंदीचं कडं टेपने आखून घेतलं, आधी 80 नंबरच्या आणि मग 120 नंबरच्या पेपरने घासलं, अॅसिटोनने पुसलं. जेलकोटमध्ये पिगमेंट कालवताना हात आखडता ठेवा. रंग गडद व्हावा म्हणून जास्त घातलं की जेलकोट नीट सुकत नाही. दुसरी अडचण हवेची. साध्या जेलकोटचा वरचा थर हवेत उघडा राहिला तर चिकटच राहतो, म्हणून एक तर मेण घातलेला जेलकोट वापरायचा, नाहीतर लावल्यावर वर जाड पारदर्शक प्लास्टिकची शीट दाबून बसवायची. आम्ही शीट वापरली. तिच्याखाली पृष्ठभाग इतका सपाट आला की नंतर पॉलिशची गरज पडली नाही. हार्डनर (जेलकोट कडक व्हायला त्यात घालतात ते रसायन) हाताळताना गॉगल लावा, डोळ्यात उडाला तर इजा गंभीर होते.

हे काम जुलैत करायचं म्हणजे कोकणच्या दमट हवेशी झुंज. बोट ताडपत्रीखाली होती तरी डेकमध्ये ओल होतीच. आमच्या फायबरवाल्या काकांनी आदल्या रात्री हॅलोजनचा दिवा लावून जागा तापवून ठेवली आणि सकाळी ऊन पडल्याबरोबर काम उरकलं. एका भोकापाशी त्यांनी घाई केली होती, तिथेच मार्चमध्ये कडेला केसाएवढी चीर दिसली. बाकीची तिन्ही कडी जशीच्या तशी आहेत. निळा अजून निळाच आहे, तपकिरीही तसाच. निळ्यात वापरतात ते थॅलोसायनिन पिगमेंट आणि तपकिरीतलं आयर्न ऑक्साइड दोन्ही उन्हाला खमके असतात. नारिंगी थोडा धुरकट झाला होता, त्यावर रबिंग कंपाउंड फिरवल्यावर परत उजळला. बर्फाचे क्रेट, जाळ्याची शिसं, गमबूट सगळं त्यावरून गेलंय. ओरखडे आहेत, पण रंग थराच्या आतपर्यंत असल्याने ओरखड्यातही रंगच दिसतो.

आता उणी बाजू, कारण तीही खरी आहे. रात्री पिवळ्या दिव्याखाली तपकिरी आणि नारिंगी यांत फरक करता येत नाही. दोन्ही एकसारखे मातकट दिसतात. डिसेंबरातल्या एका पहाटे तेल भरताना तांडेलदादांनी मला बोलावून दाखवलं, “हे बघ, दिवसा ह्यो नारिंगी, आता सांग कुठला?” मला सांगता आलं नाही. सोडियमच्या दिव्यात बाकीचे रंग जवळपास नसतातच, त्यामुळे हा दोष रंगाचा नाही, उजेडाचा आहे. पण भरणं रात्रीच होतं, तेव्हा त्यावर उपाय हवाच. आम्ही हायड्रॉलिकचं कडं चौकोनी करून घेतलं आणि डिझेलची दोन्ही गोल ठेवली, बाहेरून पांढरी रेघ मारून. चौकोन अंधारातही चौकोनच दिसतो, पायालाही जाणवतो. हे आकाराचं पहिल्याच दिवशी करून घ्या. लाल-हिरवा न ओळखता येणारे पुरुष आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त असतात, आणि अनेकांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं. त्यांनाही आकार कामाला येतो.

फेब्रुवारीत पाण्याचं बूच हातातून सुटून समुद्रात गेलं. साखळी होती, पण ती बारीक मण्यांची, आधीच गंजून तुटलेली. रत्नागिरीच्या बाजारात मिळालं ते साधं स्टीलचं बूच बसवलं आणि काम चालू. रंग बुचावर असता तर उरलेला हंगाम पाण्याच्या टाकीवर परक्या रंगाचं किंवा बिनरंगाचं बूच राहिलं असतं. आता साखळीऐवजी आतून नायलॉनची दोरी बांधतो. नव्या बोटीसाठी सामान घेत असाल तर पहिल्यापासून दोरीच मागा.

रंगाच्या या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट लोक विसरतात आणि तिचं महत्त्व मला रंगाइतकंच वाटतं: बुचाखालची ओ-रिंग, म्हणजे पाणी आत जाऊ न देणारी रबरी कडी. डिझेलच्या टाकीत पाणी शिरतं ते दर वेळी चुकीच्या पाइपमुळे नाही. लाट डेकवर आली आणि ओ-रिंग चिरलेली असली की तेवढ्यानेही शिरतं. डिझेलला नायट्राइल रबराची ओ-रिंग लागते. ईपीडीएम नावाच्या दुसऱ्या रबराची पाण्याला उत्तम, पण डिझेलमध्ये ती फुगते, मऊ होते आणि मग बूच अर्धवट बसतं. अडचण ही की दोन्ही काळ्याच असतात, डोळ्यांना फरक कळत नाही. म्हणून आम्ही सुट्या रिंगा दोन वेगळ्या डब्यांत ठेवल्यात, झाकणावर तोच तपकिरी आणि निळा जेलकोट लावून. बदलताना मुलं आपोआप बरोबर डब्यात हात घालतात. माझ्या मते या हंगामात रंगांचा सगळ्यात मोठा फायदा इथे झाला.

खर्चाचं म्हणाल तर जेलकोटचा एक लहान डबा, पिगमेंटच्या तीन ट्यूब आणि एका माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी. अॅल्युमिनियमच्या सेटला याच्यापेक्षा जास्त गेले. लाकडी बोटवाल्यांना जेलकोट जमणार नाही, कारण लाकूड फुगतं-आकसतं आणि थर तडकतो. त्यांनी आधी इपॉक्सी प्रायमर आणि वर दोन भाग कालवून लावायचा पॉलीयुरेथेन रंग द्यावा. नुसती इपॉक्सी डिझेलला दाद देत नाही, पण उन्हात तिची पांढरी भुकटी निघते, म्हणून वरचा थर गरजेचा.

येत्या बंदीत एवढंच राहिलंय की टाक्यांच्या हवेच्या नळ्यांनाही तेच रंग द्यायचे. डिझेल भरताना आधी आवाज येतो तो या नळ्यांमधून (व्हेंटमधून) आणि फेसही तिथूनच बाहेर पडतो. नव्या पोराला कुठल्या नळीकडे कान द्यायचा ते कळायला हवं. त्या एका कड्याच्या कडेची चीर तेव्हाच भरून घेणार, यावेळी ऊन नीट बघून.