तिसऱ्या मजल्यावरची फोल्डिंग सायकल: अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात साडेचौदा हजारांना फोल्डिंग सायकल घेतली. अकरा महिन्यांत 640 किलोमीटर झाले. रोज कामावर सायकलने जाणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल, पण मी ती नुसती फिरण्यासाठी घेतली होती. रविवारची सकाळ, आणि आठवड्यात एखादी संध्याकाळ तलावपाळीपर्यंत. एवढ्यासाठी स्वस्तातली फोल्डिंग घ्यावी का, असा विचार करणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते आहे.

आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलाची मोठी सायकल जिन्याखाली चार पावसाळे उभी राहिली आणि शेवटी भंगारात गेली. चांगली सायकल होती, पण डोळ्यांसमोर नसल्यामुळे कुणाला तिची आठवणच व्हायची नाही. म्हणून या वेळी घरात राहील अशीच घ्यायची ठरवलं. आता ती घडी घालून कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत उभी असते, आणि सकाळी चहा घेताना समोर दिसते. मी जितकी चालवली त्यातली निम्मी तरी समोर दिसली म्हणूनच चालवली.

घेताना मी दोन गोष्टींवर अडून बसले. एक, चाक 20 इंची हवं. 16 इंचीची घडी लहान होते, वजनही थोडं कमी असतं, पण आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत ती जास्त आदळते. दोन, सायकल स्वतः उचलून बघायची. माहितीपत्रकात 14 किलो लिहिलं होतं, घरी प्रवासाच्या बॅगा मोजायच्या काट्यावर 15.3 भरले. हा सव्वा किलो तिसऱ्या मजल्यावर बरोबर कळतो. दुकानात घडी घालून, उचलून, निदान एक जिना चढून बघाच. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ब्रॉम्प्टन या नावाजलेल्या ब्रिटिश फोल्डिंग सायकलची ती आटोपशीर घडी मलाही फार आवडते, पण तिची किंमत लाखाच्या वर जाते. रविवारच्या फिरण्यासाठी तेवढे पैसे घालणं मला पटलं नाही.

घडी घालायला आधी चार मिनिटं लागायची, आता एका मिनिटाच्या आत होते. सीट खाली, हँडल खाली, मग मधलं कुलूप उघडून फ्रेम मिटायची. उचलताना चेनची बाजू अंगापासून लांब ठेवा, नाहीतर पँटला ग्रीस लागलंच म्हणून समजा. दोन अर्धे एकत्र धरून ठेवणारं लोहचुंबक मात्र अगदी कमजोर आहे. जिन्यात मध्येच घडी उघडायला लागते. मी वेल्क्रोचा पट्टा बांधते, तीस रुपयांत काम झालं.

चालवायला कशी? लहान चाकामुळे पाय सारखे मारावे लागतात असं बरेच जण सांगतात. सपाटीवर मला तसं जाणवलं नाही, कारण पुढची चक्री मोठी, 52 दात्यांची आहे. मागे सात गिअर, 14 ते 28 दाते. सर्वांत जड गिअरला पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरच्या वर जाते. चढावर मात्र सर्वांत हलका गिअरही पुरत नाही. येऊरच्या चढावर दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा उतरून ढकलावी लागली. हँडल खूप चपळ आहे, जरा हात हलला की सायकल वळते. हात दाखवायला एक हात सोडला की पहिला महिनाभर धाकधूक व्हायची.

एक फायदा मी आधी लक्षातच घेतला नव्हता. माझी उंची पाच फूट दोन इंच, नवऱ्याची पाच फूट दहा. सीटचा दांडा लांब असल्यामुळे दोघांनाही तीच सायकल चालते. फक्त दांड्यावरची कमाल उंचीची खूण बाहेर दिसता कामा नये. दांडा हळूहळू खाली सरकत असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. आमच्या दांड्याला तेलाचा हात लागला होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मार्चमध्ये उपवनच्या रस्त्यावर हँडलवर जोर दिला की टक् टक् आवाज यायला लागला. दुकानाच्या मोफत सर्व्हिसिंगला नेली. त्यांनी हवा भरली, फडकं मारलं आणि परत दिली. आवाज होताच. मग आमच्या गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या चाचांकडे नेली. त्यांनी पुढचा ब्रेक दाबून धरला, माझं बोट हँडलच्या सांध्यावर ठेवलं आणि सायकल मागे-पुढे हलवली. बोटाखाली सांधा हलताना स्पष्ट कळला, केसभर. मग कुलपाची पट्टी एका बोटाने मिटवून दाखवली. "हे तळहाताने दाबल्याशिवाय बसता कामा नये," म्हणाले. पान्याने नट पाव फेरा आवळला. आवाज बंद. वीस रुपये घेतले.

त्या दिवशी उतारावर ते कुलूप सुटलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला रात्री झोपू देईना. तेव्हापासून दर वेळी निघण्याआधी दोन्ही सांधे बोट ठेवून तपासते, आणि कुलपावरची छोटी खिटी बसली का तेही बघते. नवऱ्यालाही ही सवय लावली आहे.

जानेवारीतल्या एका रविवारी मांडव्याला नेली. ठाण्याहून पहाटेची लोकल, लगेजचा डबा. पिशवीतून चाक डोकावत होतं, ते बघून दुधाच्या कॅनवर बसलेल्या एका काकांनी विचारलं, "ताई, ही खरंच चालते का?" कुर्ल्याला हार्बरसाठी गाडी बदलायची तर पूल चढावा लागला, आणि त्या पुलावर मला पंधरा किलोंचा खरा अर्थ कळला. डॉकयार्ड रोडला उतरून घडी उघडली, भाऊच्या धक्क्यावर गेले, आणि गाड्याही नेणाऱ्या रो-रो बोटीने तासाभरात मांडवा.

तिथून सासवण्याला गेले. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे नानासाहेब करमरकर यांचं शिल्पालय तिथे आहे. ते निवांत बघून मग आवासवरून किहीमपर्यंत, दोन्ही बाजूंना नारळी-सुपारीच्या वाड्या. जाऊन-येऊन पंचवीसेक किलोमीटर. मोठी सायकल घेऊन मी ठाण्याहून हा बेत आखलाच नसता.

पावसाळ्यात जून ते ऑगस्ट जवळजवळ उभीच होती. तरीही नटबोल्टांवर गंज चढला, चेन दोनदा साफ करून तेल द्यावं लागलं. प्लास्टिकची पेडलं एप्रिलपासूनच कुरकुरत होती, ती बदलून धातूची घडीची बसवली, साडेपाचशे रुपये. पंक्चर एकदाच. ट्यूब घेताना "20 इंची" एवढंच सांगू नका. 20 इंचीतही 406 आणि 451 अशी दोन मापं असतात, टायरवरचा आकडा बघून सांगा. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखाच असल्याने हवा कुठेही भरता येते. टायरवर 65 पीएसआयपर्यंतची मर्यादा छापली आहे, मी 50 ठेवते, खड्डे जरा कमी बोचतात.

रोज दहा किलोमीटर जाऊन-येऊन करायचं असेल, वाटेत घाट असेल, किंवा घरी खाली सुरक्षित पार्किंग असेल, तर याच पैशात साधी सायकल घ्या. ती हलकी मिळेल आणि तिला सांध्यांची कटकट नसेल. माझ्यासारखं घर वरच्या मजल्यावर असेल आणि लोकलने, बोटीने सायकल सोबत न्यायची हौस असेल, तर मात्र फोल्डिंगच घ्या.

मागचा टायर आता मधोमध गुळगुळीत झाला आहे. दिवाळीआधी बदलणार आहे, कारण या वेळी किहीमच्या पुढे अलिबागपर्यंत जायचं ठरलं आहे.